म्हापशाच्या स्टॅण्डवर एकटं मूल दिसलं, तर

सोळा वर्षं झाली असतील. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मी एका सहा वर्षांच्या मुलीला घरी घेऊन आले. अनवाणी होती, नाक वाहत होतं, मनगटावर मण्यांच्या माळा लटकत होत्या आणि आसपास तिचं कोणी दिसत नव्हतं. मी तिला न्हाऊ घातलं, शीतकढी वाढली, लेकीचा जुना फ्रॉक घातला आणि स्वतःवर भारी खूश होऊन झोपले. तिची आई ती रात्रभर पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसून होती. बाजाराच्या कडेला कंगवे-पिना मांडून बसणारी बाई. पोर तिच्या नजरेच्या टप्प्यात होतं, नजर माझीच कमी पडली. सकाळी फौजदारांनी मला जे सुनावलं त्यातला एक शब्दही वावगा नव्हता.

आता मी शाळेतून निवृत्त आहे आणि आठवड्यातल्या तीन संध्याकाळी स्टॅण्डवरच्या मुलांसोबत असते. "बाई, एक पोर दिसलंय, काय करू?" असे फोन येतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. माझं म्हणणं एवढंच, की रस्त्यावरच्या बहुतेक मुलांचं कुठे ना कुठे कोणीतरी असतं. ते माणूस शोधायच्या आधी छप्पर शोधायला धावलात, तर मूल दोन्हीकडून तुटतं. खालच्या सगळ्या पायऱ्या याच समजुतीवर बेतलेल्या आहेत.

आधी नुसतं बघा

राष्ट्रीय बाल हक्क आयोग अशा मुलांचे तीन गट करतो: रस्त्यावर अगदी एकटी राहणारी, कुटुंबासह रस्त्यावर राहणारी, आणि दिवसभर रस्त्यावर काम करून रात्री जवळच्या झोपडीत परतणारी. तिघांची गरज वेगळी असते. गोव्यात मला शेवटचे दोन गट जास्त दिसतात. दिवाळी झाली की गदग, हावेरी, बागलकोट, विजापूरकडून लमाणी कुटुंबं उतरतात, कळंगुट-बागा-हणजूणच्या किनाऱ्यावर माळा आणि कपडे विकतात, पावसाळ्याच्या तोंडावर परततात. काहींच्या तर दोन पिढ्या इथेच गेल्या, तरी आपण त्यांना 'भायले', म्हणजे बाहेरचे, म्हणणं सोडलेलं नाही.

मूल एकटं आहे का, हे दिवसा कळत नाही, रात्री साडेदहाला कळतं. कुटुंबातली मुलं तेव्हा आईच्या पदराजवळ असतात. एकटी मुलं उजेडाच्या जवळ झोपतात, तिकीट खिडकीखाली नाहीतर वॉचमनच्या खुर्चीपाशी. अंगात दोन शर्ट असतात, एप्रिलच्या उकाड्यातसुद्धा, कारण त्यांचं कपाट अंगावरच असतं. नुकतं पळून आलेलं मूल आणखी वेगळं. कपडे बरे असतात, पण प्रत्येक येणाऱ्या बसची पाटी ते वाचत बसतं.

आणि चहाच्या गाड्यावाल्याला विचारा. कोण कधीपासून आहे, कोणाबरोबर येतं, कोण त्याच्याकडून पैसे काढून घेतं, हे त्याला माहीत असतं.

पहिला अर्धा तास

मुलापेक्षा खाली बसा. पायरीवर बसलं असेल तर तुम्ही जमिनीवर. साडीला माती लागेल, लागू दे.

नाव आधी विचारू नका. विचारलंत तर एखाद्या नटाचं नाव मिळेल आणि उद्या दुसऱ्याचं. पैसे देऊ नका. दोन भाजी-पाव घ्या आणि एक स्वतः खा, नाहीतर देणारा आणि घेणारा असा हिशेब सुरू होतो. दोन-तीन दिवसांचा उपाशी दिसत असेल तर एकदम पोटभर खायला लावू नका. थोडी पेज, मग तासाभराने पुन्हा थोडी. "मी तुला घरी पोचवते" असं वचन देऊ नका, घरातूनच पळाला असेल तर तो तिथल्या तिथे उठून जाईल. "मी इथेच बसणार आहे, घाई नाही," हे सांगायला हरकत नाही, मात्र मग खरंच बसायचं.

गाव विचारलं की दहातली निम्मी मुलं "हुबळी" सांगतात. ते त्यांचं गाव नसतं, गाडी किंवा बस तिथे बदललेली असते. त्यापेक्षा आईला काय म्हणतोस ते विचारा. 'अव्वा' म्हणाला तर उत्तर कर्नाटक. 'याडी' म्हणाला तर तांडा, लमाणी घर. 'बोउ' म्हणाला तर ओडिशा. मग गावात जत्रा कोणत्या देवाची, शेतात काय पिकतं, शाळेच्या समोर काय आहे, असे प्रश्न. एका पोराने मला फक्त "शाळेच्या मागे मोठं तळं, तळ्यात देऊळ" एवढंच सांगितलं होतं. तेवढ्यावरून कन्नड येणाऱ्या एका बस कंडक्टरने तालुका ओळखला.

हातात चिंधी किंवा प्लास्टिकची पिशवी असेल आणि ती नाकाशी जात असेल, तर तो नशेसाठी चिकटवायचं सोल्यूशन किंवा रंगातलं थिनर ओढतो आहे. अशा वेळी त्याच्या मागे धावू नका, पिशवी हिसकावू नका. ते ओढलेल्या अवस्थेत धावपळ झाली किंवा दचकून धसका बसला तर हृदयाचे ठोके बिघडून जागीच मृत्यू होऊ शकतो. मोकळ्या हवेत बसवा, आवाज खाली ठेवा. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

आणि फोटो नको. व्हॉट्सॲपवर 'हे मूल सापडलं आहे, जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा' असं टाकणं चांगल्या मनाने होत असलं तरी काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याच्या मारहाणीमुळे मूल पळालं, त्याच्याही फोनवर तो फोटो पोचतो.

फोन

१०९८, मुलांसाठीची मदतवाहिनी (चाइल्डलाइन). चोवीस तास, फुकट. लागला नाही तर ११२. थिवी किंवा मडगावच्या फलाटावर असाल तर आधी रेल्वे सुरक्षा दलाचा (आरपीएफ) जवान गाठा, मडगावला कोकण रेल्वे पोलीस ठाणंही आहे.

पालकांपासून तुटलेलं किंवा निराधार दिसणारं मूल सापडल्यावर चोवीस तासांच्या आत कळवणं ही तुमची कायदेशीर जबाबदारी आहे. पोलीस, चाइल्डलाइन, बाल कल्याण समिती (मूल कुठे राहणार हे ठरवणारं जिल्ह्याचं मंडळ), जिल्हा बाल संरक्षण कक्ष, यांतलं कोणीही चालेल. न कळवणं हाच गुन्हा. फोन करण्याआधी कागदावर वेळ, नेमकी जागा, कपडे, अंगावरच्या खुणा आणि मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. "मामा मारतो" म्हणाला असेल तर "घरगुती छळ" असं लिहू नका, "मामा मारतो" असंच लिहा.

लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर प्रश्न विचारणं तिथेच थांबवा. शंका आली एवढं कळवायला पुरेसं आहे, खरं-खोटं करणं तुमचं काम नाही. पॉक्सो कायद्यानुसार (२०१२) जबाब मुलाच्या सोयीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. कोणतंही मूल रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं शांतपणे दाखवलंत की बरंच काही सुरळीत होतं. किनारपट्टीत राहणाऱ्यांनी गोवा बाल कायदा २००३ सुद्धा लक्षात ठेवावा. नात्यातला नसलेला माणूस मुलाला हॉटेलच्या खोलीत नेत असेल तर त्याला आत सोडायचं नाही, ही हॉटेलवाल्याची जबाबदारी आहे. रिसेप्शनवर जाऊन तसं म्हणायला लाजू नका.

समितीपुढे

सापडलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. उत्तर आणि दक्षिण गोव्याच्या समित्या वेगळ्या आहेत. एक अध्यक्ष, चार सदस्य. बैठक नसेल त्या दिवशी एकट्या सदस्यापुढेही मूल नेता येतं, त्यामुळे "सोमवारी या" हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

बरोबर जा. फोन करून मोकळे झालात तर मुलाच्या दृष्टीने तुम्ही त्याला पकडून देणारे. पहिल्या फेरीला मीही गेले नव्हते, आणि तो मुलगा दोन महिन्यांनी स्टॅण्डवर मला पाहून थुंकला.

त्याचं गाठोडं त्याच्याकडेच राहू द्या. त्यात गोट्या, तुटका चार्जर, सतरा रुपये आणि एका बाईचा अर्धा फाटलेला फोटो असेल. यादी करा, त्याला वाचून दाखवा, त्याच्यासमोर पिशवी बांधा. निवाऱ्यात गेल्यावर 'घाण' म्हणून ते कचऱ्यात जातं आणि मूल त्याच रात्री पळतं, हे मी एकदा नाही, चारदा पाहिलं आहे.

समिती मुलाला तात्पुरतं बालगृहात पाठवते. सरकारी 'अपना घर' मेरशीला आहे, शिवाय नोंदणी झालेल्या खासगी संस्था आहेत. सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत आणि अंतिम निर्णय चार महिन्यांत व्हावा अशी कायद्याची अपेक्षा. मूल परराज्यातलं निघालं तर प्रकरण रेंगाळतं. दर आठवड्याला चौकशी करणारा एक तरी माणूस लागतो, तो तुम्ही व्हा.

निवाऱ्यातले पहिले तीन दिवस

हा भाग संस्थेत काम करणाऱ्यांसाठी, आणि सगळ्यात महत्त्वाचा. मूल टिकणार की नाही ते इथेच ठरतं.

आल्या आल्या डोकं भादरू नका. उवा असतात, मान्य. पण अनोळखी माणसांनी धरून केस काढणं ही मुलाच्या लेखी शिक्षा असते, मुलीच्या लेखी तर फारच. परमेथ्रिनचं लोशन आणि बारीक दातांची फणी, आठवड्याने पुन्हा एकदा. खरूज असेल तर मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत रात्री लावायचं आणि त्याच रात्री खोलीतल्या सगळ्यांना लावायचं. एकट्याला लावून उपयोग नसतो, दहा दिवसांत सगळे पुन्हा खाजवत बसतात. चादरी गरम पाण्यात. मग डॉक्टर: दात, कान, रक्तातलं हिमोग्लोबिन, क्षयाची तपासणी, धनुर्वाताची लस. नशा सुटताना झोप उडते, डोकं दुखतं, मूल चिडतं, अंगावर येतं. ते त्याचं वागणं नव्हे, लक्षण आहे. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखवा, दोरीने बांधू नका.

जेवणाचं सांगते. एका संस्थेत गदगकडचा एक मुलगा आला, अकरा वर्षांचा. दोन दिवस जेवेना. सगळे म्हणाले हट्टी आहे, भूक लागली की खाईल. ताटात होतं काय, तर उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याची हुमण. पोराने आयुष्यात मासा खाल्लेला नव्हता, वासानेच त्याला ओकारी येत होती. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या मावशींनी शेजारच्या बांधकामावरच्या कामगारीणीकडून ज्वारीचं पीठ आणलं आणि भाकरी थापली. थापण्याचा आवाज ऐकून तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. चार भाकऱ्या खाल्ल्या, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. त्यानंतर मावशींना त्याने आपलं खरं नाव सांगितलं. चौकशी अधिकाऱ्याला नाही, समुपदेशकाला नाही, मावशींना.

दिवसाकाठी दोनशे-तीनशे रुपये कमावणाऱ्या मुलाला सहा वाजता उठून प्रार्थना, सातला व्यायाम, आठला अभ्यास असं वेळापत्रक पहिल्याच दिवशी लावू नका. रस्त्यावर तो स्वतःच्या मर्जीचा मालक होता. पहिले तीन दिवस झोप, खाणं, खेळणं, बस्स. झोपायची जागा त्याला निवडू द्या, बहुतेक जण दाराजवळची किंवा भिंतीलगतची घेतात. रात्रीचा दिवा एक तरी चालू ठेवा. दाराला बाहेरून कुलूप असेल तर तिसरा दिवस उजाडणारच नाही.

पैशांचंही बघा. त्याच्याकडचे सतरा रुपये वहीत लिहून ठेवा आणि मागेल तेव्हा दाखवा. दहा वर्षांवरच्या मुलाला बँकेत स्वतः चालवायचं बचत खातं उघडता येतं. पासबुकावर स्वतःचं नाव छापलेलं पाहून गप्प झालेली मुलं मी पाहिली आहेत.

पळाला तर

पळेल. पहिल्या महिन्यात एकदा तरी, हे धरूनच चाला. पोलिसांना आणि समितीला लगेच कळवा, ते बंधनकारक आहे. आणि मग तो जिथे पहिल्यांदा सापडला तिथेच जाऊन बसा. बहुतेकदा तिथेच मिळतो, कारण मित्र तिथे असतात. परत आल्यावर "का पळालास" असं नाही, "कोणाला भेटायचं होतं" असं विचारा. उत्तर पुष्कळदा लहान भाऊ असतं, कधी कुत्रा असतो. एकाला मी त्याच्या कुत्र्याला दर रविवारी भेटवायचं कबूल केलं. तो पुन्हा पळाला नाही.

घरी पाठवताना

घराचा पत्ता लागला की सगळ्यांना घाई होते. थांबा. त्या जिल्ह्याच्या समितीमार्फत आधी गृहभेट होऊ द्या, अहवाल येऊ द्या, आणि मुलाला वेगळं बसवून विचारा. "सावत्र बाप बेल्टने मारतो" असं म्हणणाऱ्या मुलाला तिकीट काढून दिलं तर तो पुढच्या बसने परततो, फक्त या वेळी म्हापशाऐवजी आणखी लांब उतरतो. पाठवण्याचा आदेश झाला की पोलिसांचं विशेष पथक सोबत जातं, मुलगी असेल तर महिला पोलीस हवीच.

घर वाईट नाही, फक्त गरीब आहे, अशीही खूप प्रकरणं असतात. तिथे मूल संस्थेत ठेवण्यापेक्षा कुटुंबाला मदत पोचवणं शहाणपणाचं. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्व म्हणून महिना ४,००० रुपये मिळू शकतात. उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,००० रुपये. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. विधवा आईच्या हातात हे चार हजार पडले तर माळा विकायला पोर लागत नाही.

शाळा

"जन्मदाखला नाही, आधीच्या शाळेचा दाखला नाही, जून उलटून गेला," ही तीन उत्तरं तुम्हाला मिळणार. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) तिन्ही बाद केली आहेत. वयाचा पुरावा नाही म्हणून किंवा उशीर झाला म्हणून सहा ते चौदा वयाच्या मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही आणि वयानुसार वर्गात बसवून वेगळं शिकवायची सोय शाळेने करायची असते. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीच्या बाकावर बसवलं की तो आठवडाभरात उठतो. गुडघे बाकाखाली मावत नाहीत आणि बाकीची हसतात.

माध्यमाचं काय? वास्कोच्या बाजूला कन्नड शाळा आहेत. इकडे म्हापशाच्या बाजूला, बार्देश तालुक्यात, माझा कल मराठी सरकारी प्राथमिक शाळेकडे असतो, आणि हे मी फक्त मराठीची शिक्षिका म्हणून म्हणत नाही. गावातल्या मुलांनी पाठ फिरवलेल्या कितीतरी मराठी शाळा आज कामगारांच्या मुलांवरच चालू आहेत. त्यामुळे वर्गात आणखी दोघं-तिघं त्याच्यासारखीच असतात आणि त्याला 'घाटी' म्हणणारं कोणी नसतं. माझ्या शेवटच्या वर्गातल्या नऊ मुलांपैकी सात घरी लमाणी किंवा कन्नड बोलत. बे एके बे मात्र सगळी एका सुरात म्हणत. शिक्षिकेला आधी भेटून एवढंच सांगा की हा मुलगा कुठे राहतो हे वर्गात बोलू नका, आणि आईवर निबंध देऊ नका.

स्वतःचा निवारा काढायची इच्छा असेल तर

शक्यतो नको. असलेल्या संस्थेला हात द्या. मडगावची जन उगाही, वास्कोची अर्ज यांच्यासारख्या संस्थांनी वर्षानुवर्षं हे काम केलं आहे, त्यांना संध्याकाळचे दोन तास देणारी माणसं लागतात. तरी काढायचाच असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ खाली नोंदणी आधी, मुलं नंतर. नोंदणीविना चालवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड. शयनगृहात प्रत्येक मुलामागे ४० चौरस फूट जागा, सात मुलांमागे एक संडास, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याची, स्वयंसेवकाची पोलीस पडताळणी.

पडताळणीचा कंटाळा येतो तेव्हा मडगाव आठवा. फ्रेडी पीट्स नावाचा गृहस्थ तिथे 'गुरुकुल' नावाने अनाथ मुलांचा आश्रम चालवत होता, लोक त्याला उपकारकर्ता समजत. १९९१ मध्ये त्याला अटक झाली, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी १९९६ मध्ये जन्मठेप. बंद दाराआडचा दयाळूपणा कोणी तपासला नव्हता. म्हणून कोणी कितीही मोठी देणगी दिली, तरी पाहुण्याला मुलांबरोबर एकटं सोडायचं नाही, मुलांना फिरायला बाहेर न्यायची परवानगी द्यायची नाही, गळ्यात हात घालून फोटो काढू द्यायचे नाहीत. देणगीदार रुसतात, रुसू दे.

अठरा

अठरावा वाढदिवस संस्थेत केक कापून साजरा होतो आणि दुसऱ्या दिवशी सामान बांधायला सांगतात. कायद्यात अठरा ते एकवीस वयासाठी अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यावरच्या आधाराची, तरतूद आहे, पण त्यासाठीची धावपळ सतराव्या वर्षी सुरू करावी लागते. आयटीआयचा प्रवेश, राहायची खोली, पहिल्या पगारापर्यंतचा खर्च.

आणि कागद. मूल आल्या दिवसापासून एक फाइल करा. समितीचा प्रत्येक आदेश, वय ठरवल्याचा कागद, लसीकरण, शाळेचे दाखले, संस्थाप्रमुखाच्या दाखल्यावर काढलेलं आधार, बँकेचं पासबुक. गोव्यात सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, तेव्हा तो इथे कधीपासून आहे हे दाखवणारा एकही कागद हरवू नका. भाकरीवाला तो मुलगा आज पर्वरीला एका गॅरेजमध्ये कामाला आहे. निघताना त्याच्या हातात फाइल दिली तर त्याने आधी आतलं सगळं उलटून पाहिलं आणि विचारलं, "बाई, तो फोटो?" होता, शेवटच्या प्लास्टिकच्या कप्प्यात, अर्धा फाटलेला.